चमचाभर रक्त, दिवेलागणीला

लळिंगचा डोंगर दिसला आणि मला गाडीतच हसू फुटलं. तसं कारण काहीच नव्हतं. शेजारी डॉक्टर मॅडम मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या, पायाशी रक्त न्यायचा निळा खोका होता, ड्रायव्हर पुढच्या ट्रकवाल्याचा तोंडातल्या तोंडात उद्धार करत होता, आणि मी आपली खिडकीला नाक लावून हसत होते.

"काय झालं गं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. धुळं आलं."

त्यांनी बाहेर बघितलं. बाहेर ऊन, कापसानं फुगलेली एक ट्रॉली आणि उघडाबोडका डोंगर. "हं," म्हणाल्या आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. त्यांना तरी काय दिसणार होतं त्यात!

तीन वर्षांनी मी इकडं येत होते. माझं माहेर साक्री तालुक्यातल्या एका लहान गावात. शाळा आठवीत सोडली, कारण नववी दुसऱ्या गावाला होती आणि तिथं जायला गाडीच नव्हती. पुढं लग्न झालं, पुण्याला गेले, आणि एका ठेकेदाराच्या ओळखीनं एका प्रयोगशाळेत झाडूपोछ्याला लागले. झाडूपोछा करता करता बाटल्या धुवायला लागले, बाटल्या धुता धुता त्या वाफेच्या मोठ्या कुकरात लावायला शिकले. आता मी तिथली मदतनीस आहे. गळ्यात ओळखपत्र असतं. पहिल्यांदा ते घातलं तेव्हा मी घरी जाईपर्यंत काढलंच नाही, भाजी घेतानासुद्धा.

पण भीती काही जात नाही. रोज वाटतं, आज आपल्या हातून काहीतरी फुटेल, सांडेल, बिघडेल आणि सगळे म्हणतील, आठवी शिकलेल्या बाईला इथं घेतलंच कुणी? कुणी नुसतं "जरा इकडं ये" म्हटलं तरी मी आधी हातातली बाटली शाबूत आहे ना ते बघते. आणि दर वेळी ते मला चहा प्यायलाच बोलावत असतात.

आमच्या प्रयोगशाळेत काय करतात ते मला समजलं तेवढं सांगते. आपल्या यकृतात पित्त तयार होतं, आणि ते बाहेर वाहून न्यायला बारीक बारीक नळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या. काही मुलांना त्या नळ्या जन्मापासूनच कमी असतात. मग पित्त आतच तुंबतं, डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, आणि पुढं पुढं यकृतच थकून जातं. आमच्याकडं माणसाच्या रक्तातल्या पेशी घेतात आणि त्यांना उलट्या पावली मागं नेतात, इतकं मागं की त्या कोऱ्या होतात. मूलपेशी म्हणतात त्यांना. कोरी पेशी काहीही होऊ शकते. मग तिला दिवसादिवसाला वेगळं खाणं देत देत यकृताच्या वाटेला लावायचं, आणि शेवटी त्या पित्ताच्या नळीच्या पेशी करायच्या. त्या जमल्या की आपोआप गोल धरतात, मधे पोकळी ठेवून. मॅडमनी एकदा मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. जेलीत छोट्या छोट्या बांगड्या तरंगत होत्या! मी "अगं बाई!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतली मुलगी धावत आली. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाचले होते."

या मॅडमचे माझ्यावर इतके उपकार आहेत की मोजायला गेले तर कामाला उशीर होईल.

त्यांना जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावच्या एका मुलीचं रक्त हवं होतं. पाच वर्षांची मुलगी, तिला हाच नळ्यांचा आजार. पुण्याच्या दवाखान्यात दोनदा येऊन गेली होती, आता तिला पुन्हा एवढा प्रवास करवत नव्हता. आईनं फोनवर "या" म्हटलं होतं, पण घरात आजीचा शब्द चालतो आणि आजीला मॅडमची भाषा काही केल्या कळत नव्हती. त्याच आठवड्यात मी जिन्याखाली उभी राहून फोनवर माझ्या भावाला झाडत होते, अहिराणीत. मॅडम वरून खाली आल्या आणि मी फोन पदराआड लपवला. त्या म्हणाल्या, "हीच ती भाषा ना? येतेस माझ्याबरोबर?"

मी त्या रात्री नवऱ्याला तीनदा उठवून सांगितलं.

तर धुळं आलं. आता खरं सांगायचं तर पुढं जे झालं त्याला सुरुवातीपासून मीच जबाबदार. बारा वाजता धुळ्यातून सरळ निघालो असतो तर दोनच्या आसपास धरणगावात पोचलो असतो. पण मला शेवभाजीचा वास आला. "मॅडम, इथं पाच मिनिटं," मी म्हटलं. पाच मिनिटांत शेवभाजी कुठं होते? ती आली, तिचा तवंग बघून मॅडमचे डोळे मोठे झाले, पहिल्या घासाला त्यांना ठसका लागला, दुसऱ्या घासाला त्यांनी नाक पुसलं आणि तिसऱ्या घासाला आणखी एक वाटी मागवली. मग ड्रायव्हरनं कळण्याची भाकरी मागवली. मग त्याला झोप आली. पारोळ्यात बाजाराचा दिवस निघाला. गाडीपुढं बैल, मिरच्यांची पोती आणि एक लग्नाची खरेदी करणारं अख्खं खानदान. थंडीचे दिवस, सूर्य लवकर कलतो. धरणगावात त्यांच्या दारात गाडी थांबली तेव्हा समोरच्या घरात बाई देवाजवळ दिवा लावत होती.

घर साधं, दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याखाली ओटा. ओट्यावर ती मुलगी उभी होती. चौकटीला पाठ लावून ती वरखाली पाठ घासत होती, म्हैस झाडाला घासते तशी. डोळे हळदीसारखे. हातापायांवर ओरखडे. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मॅडमना विचारलं, "तुम्हीच का त्या रगत लेनाऱ्या?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "पण अगदी थोडं."

"थोडंच शे मन्यापाशी," म्हणजे माझ्यापाशी आहेच थोडं, असं म्हणून ती आत गेली.

आत मुलीची आजी होती. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हटलं. मुलीचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, हंगाम चालू, ते उशिरा येणार होते. फोनवर त्यांनी मॅडमना एवढंच सांगितलं होतं की माझी आई म्हणेल तसं. आणि मुलीची आई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती. माझ्याच वयाची असेल, पण तिच्या डोळ्यांखाली बघून मी वय विचारायचं टाळलं.

मॅडमनी बसल्या बसल्या सुरुवात केली. त्यांची मराठी इतकी शुद्ध आहे की मलाही कधी कधी दोनदा ऐकावी लागते. "आपल्या मुलीच्या रक्तातील पेशींपासून आम्ही प्रयोगशाळेत पित्तनलिकेच्या पेशी विकसित करण्याचा प्रयत्न करणार आहोत."

अक्कानं माझ्याकडं मान वळवली. "हाई बाई बोली ऱ्हायनी का रेडिओ लायेल शे?"

मला हसू आवरेना. मी पदर तोंडावर धरला. अक्का म्हणाली, "आनि तू कोनी पोर शे व?"

"साक्रीकडली शे, अक्का."

"साक्रीकडली? मंग पुनाले जाईसन जीभ धुई उनी का? तुन्या बोलाले साबणना वास येस."

झालं! तीन वर्षं मी पुण्यात कुणी अहिराणीला हसू नये म्हणून तोंड सांभाळत होते, आणि इथं माझ्या अहिराणीलाच हसत होते. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी जीभ सोडली. अक्का एक बोलायची, मी दोन बोलायचे. साक्रीकडचे लोक शब्द कसे ओढतात यावर तिनं नक्कल केली, धरणगावचे कसे गिळतात यावर मी केली. मुलगी टाळ्या वाजवत होती. चहा आला. मॅडम कागद हातात धरून, काही न कळता, सगळ्यांबरोबर हसत होत्या. आता इथून पुढचं बोलणं मी बरंचसं आपल्या मराठीतच लिहिते, नाहीतर अर्ध्या वाचकांना मलाच बरोबर न्यावं लागेल.

"आता समजावून सांग," मॅडम म्हणाल्या. "सगळं. कागदावरचं प्रत्येक वाक्य."

आणि मी, त्या आनंदाच्या भरात, माझ्या हुशारीवर फार खूश होऊन, म्हटलं, "अक्का, दुधात चमचाभर इरजन टाकतो ना आपण? त्यावरून भांडंभर दही होतं. तसंच आहे हे. तुमच्या नातीचं चमचाभर रक्त म्हणजे इरजन. आमच्याकडं त्यावरून पित्ताच्या नळ्या लावतात."

मॅडमना "इरजन" तेवढं कळलं. "व्वा!" त्या म्हणाल्या. "किती छान सांगितलंस!" मी तर हवेतच.

अक्काच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं. तिनं दाराकडं पाहिलं, मग देवाच्या कोनाड्याकडं. तिथं दिवा जळत होता.

"इरजन? आते? दिवा लागनात ना व!"

हे मला कसं आठवलं नाही? आमच्या घरीही दिवेलागणीनंतर कुणी दूध, दही, विरजण मागायला आलं तर आई दारातूनच परत पाठवायची. संध्याकाळी घरातून विरजण गेलं की घरची बरकत जाते. शेजारीण कितीही जवळची असो, उद्या सकाळी ये. हे मला पाळण्यापासून ठाऊक होतं, आणि मी तेच नाव देऊन, तीच वेळ गाठून, लेकीच्या रक्ताला हात पसरला होता.

"अक्का, ते खरं इरजन नाही, रक्त आहे."

"तूच आता इरजन म्हणालीस ना? मी म्हणाले का?"

"ते आपलं समजायला..."

"मला समजलं. चांगलं समजलं. म्हणूनच नाही म्हणते. तिन्हीसांजेला लेकराच्या अंगातलं इरजन घराबाहेर? माझ्या सासूनं कधी दिलं नाही, मीही देणार नाही."

मी मॅडमना सांगितलं. मॅडम चष्मा पुसायला लागल्या. त्या घाबरल्या की चष्मा पुसतात. रक्त आजच घेऊन पहाटेपर्यंत पुण्यात पोचवायचं असं त्यांनी ठरवलं होतं, तिथं प्रयोगशाळेतल्या दोन मुली वाट बघत बसणार होत्या.

अक्कालाही तसं आम्हाला रिकाम्या हाती घालवायचं नव्हतं. तिनंच तोड काढली. "बदल्यात काहीतरी ठेवा. नुसतं नेलं तर देणं होतं, बदल्यात ठेवलं तर अदलाबदल होते. चिमूटभर साखर ठेवा आणि घेऊन जा."

मी आनंदानं उडी मारून मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "नाही."

"साखर, मॅडम. चिमूटभर."

"रक्ताच्या बदल्यात काहीही देता येत नाही. नियम आहे. पैसे नाही, भेट नाही, खाऊ नाही. लोकांनी लोभानं हो म्हणू नये म्हणून."

मी ते अक्काला सांगितलं. अक्का मॅडमकडं बघतच राहिली. "एवढा मोठा दवाखाना," ती म्हणाली, "आणि चिमूटभर साखर निघत नाही? कसं चालतं गं त्यांचं?" मग तिनं आवाज खाली आणून मला म्हटलं, "हवं तर साखर मी देते. तिला म्हणावं, तू फक्त ठेव."

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा हातातून पडला. एकीचा नियम की बदल्यात काही आलंच पाहिजे, दुसरीचा नियम की बदल्यात काही देताच येणार नाही, आणि दोघी आपापल्या जागी खांबासारख्या उभ्या. मधे मी, एकीचं दुसरीला पोचवत, पाठीला घाम, पोटात हसू.

शेवटी अक्का म्हणाली, "मग सकाळी. सूर्य उगवला की पहिलं रक्त तुमचं. आज इथंच जेवा, इथंच झोपा." मॅडमनी खोक्याकडं बघून बोटांवर तास मोजले. सकाळी सातला निघालो तर दुपारी उशिरापर्यंत पुण्यात. चालेल म्हणाल्या. तेवढे तास रक्त टिकतं. मग मी कागदावरचं उरलेलं भराभर सांगून टाकलं.

तेवढ्यात मुलीची आई माझ्याजवळ आली. आतापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. मॅडम फोनवर पुण्याच्या मुलींशी बोलत होत्या. तिनं हळूच विचारलं, "उद्या नेलं, रात्री लावलं, तर परवा सकाळी लागून जाईल ना, बहीण?"

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

त्या कागदावर एक ओळ होती. मॅडमनी मला गाडीत दोनदा वाचून दाखवली होती: या संशोधनातून सहभागी व्यक्तीस थेट लाभ अपेक्षित नाही. म्हणजे या मुलीला यातून काही मिळणार नाही. पेशी वाढायला कित्येक महिने, त्या वाढल्या तर त्यातून आजार कसा होतो ते शिकायचं, औषधं तपासायची. कुणाच्या पोटात नळ्या बसवणं अजून कुणालाच येत नाही. आणि मघाशी ती ओळ आली तेव्हा मी तोंड गोड करून म्हटलं होतं, "आणि पुढं यातून सगळ्यांचं भलं होईल." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

"काय म्हणताहेत त्या?" फोन ठेवत मॅडमनी विचारलं.

"उद्या सकाळी देतात म्हणाल्या," मी म्हटलं.

मॅडमनी मला चक्क मिठीच मारली. "तुझ्याशिवाय हे झालंच नसतं!"

जेवायला वरण-बट्टी होती. अक्कानं मॅडमच्या ताटात इतकं तूप ओतलं की बट्टी पोहायला लागली. मुलगी मॅडमना अहिराणी शिकवत होती, आणि मॅडम "मी जेवी ऱ्हायनू" म्हणाल्या, पुरुषासारखं, तेव्हा अक्का भिंतीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसली. मीही हसले. खरंच हसले, गालफडं दुखेपर्यंत. पण मधेच मुलीची आई दिसायची. ती एकटीच शांत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की तिकडं न बघता ताटाकडं बघूनच मी पुढचा घास घ्यायचे.

सकाळी मी उठले तेव्हा ती मुलीला आंघोळ घालून मोकळी झाली होती. नवा फ्रॉक, पावडर, कपाळाला कुंकू. चुलीवर पाणी होतं, मी तोंड धुवायला गेले. ती म्हणाली, "एक विचारू? तयार झालं की बसवायला पुण्याला यावं लागेल, की तुम्हीच इथं याल? शेळ्यांचं बघायला शेजारणीला सांगून ठेवलंय मी. किती दिवस लागतील तेवढं सांगा."

माझ्या हातातला तांब्या तिथंच राहिला. ओट्यावर मॅडम हातमोजे घालत होत्या. मी धावतच गेले.

"मॅडम, मी चुकले."

सगळं सांगितलं. इरजनाचं, त्या ओळीचं, काल रात्री गिळलेल्या प्रश्नाचं. सांगताना मला वाटलं, हे ओळखपत्र आता मॅडम इथंच काढून घेतील. मॅडमनी हातमोजे काढले. एक एक बोट सोडवत, सावकाश.

"सुई नंतर," त्या म्हणाल्या. "आधी त्यांच्याजवळ बस. पहिल्यापासून सांग. मी शेजारी बसते."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर केळी विकत घेऊ आणि खात खात परत जाऊ. जळगावची केळी खायची राहिलीच आहेत माझी."

मी बसले. मुलीची आई समोर, मुलगी तिच्या मांडीवर, अक्का दारात. मी म्हटलं, "बहीण, काल मी तुला दह्याची गोष्ट सांगितली. ती चुकीची होती. हे एका रात्रीत लागत नाही. आधी कित्येक आठवडे पेशी कोऱ्या करायला, मग महिने नळीच्या पेशी व्हायला. कधी कधी होतच नाहीत, मरून जातात. आणि झाल्या तरी त्या हिच्या पोटात घालता येत नाहीत. अजून कुणालाच येत नाही ते. हिची खाज त्यानं जाणार नाही. हिच्या नळ्या का कमी पडल्या ते आम्ही तिथं बघणार, शिकणार. पुढं कधीतरी कुणाला तरी उपयोग होईल. हिला होईलच असं कुणी म्हणू शकत नाही. मी काल हे सांगायला घाबरले."

रस्त्यावरून दूधवाला गेला. मुलीची आई मुलीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग तिनं एक एक प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी एक एक मॅडमना पोचवत गेले. आजवर हिचं किती वेळा रक्त नेलं, दर वेळी नुसता कागद परत आला. हे रक्त जिवंत राहणार का? मॅडम म्हणाल्या, जमलं तर हो, वर्षानुवर्षं. तिथं त्याला खायला कोण घालतं? मॅडम म्हणाल्या, मी आणि प्रयोगशाळेतल्या मुली, सुट्टीच्या दिवशीही. आणि तिथल्या बाटल्या-भांड्यांची साफसफाई? मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. मुलीची आई माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मला खाली बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही.

मग मुलगी बोलली. ती मॅडमकडं बघत होती. "तठे मन्या रगतले खाज ई का?"

मी मॅडमना सांगितलं: तिथं माझ्या रक्ताला खाज सुटेल का, विचारते. मॅडमना काहीही विचारा, उत्तर तयार असतं. यावर मात्र त्यांनी आधी तिच्या हातांवरचे ओरखडे बघितले. "नाही," त्या म्हणाल्या. "तिथं खाजणार नाही."

"मंग चालई," मुलगी म्हणाली आणि बाही वर केली.

"थांब व!" दारातून अक्का कडाडली. ती सगळं ऐकत होती आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. "म्हणजे ते इरजन नाहीच?"

"नाही, अक्का."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"मग काल संध्याकाळीच नेलं असतं तरी चाललं असतं ना, बाई! उगाच रात्रभर या बाईला माझ्या खाटेवर झोपवलं आणि मी खाली फरशीवर! कंबर मोडली माझी!"

पहिलं हसू मुलीच्या आईचं फुटलं. इतका वेळ दाबून धरलेलं, नाकातून आलेलं, रडण्याला चिकटलेलं हसू. मग मुलगी हसली, कारण आई हसली. मग मी मॅडमना सांगितलं आणि मॅडम "अय्या, सॉरी, सॉरी!" करत अक्काची कंबर चोळायला धावल्या आणि अक्का त्यांना ढकलत म्हणाली, "हात धू आधी, त्या हातांनी सुई धरायचीय तुला."

मुलीच्या आईनं डोळे पुसले. कागद ओढला, पेन घेतलं. सही करण्याआधी ती माझ्याकडं वळली आणि भराभर बोलली. बोलून झाल्यावर म्हणाली, "हाई बठ्ठं सांग तुन्या मॅडमले."

मी सांगितलं. "मॅडम, त्या म्हणतात, मुलगी यानं बरी होणार नाही हे मला समजलं. काल तसं वाटलं होतं, रात्रभर वाटत होतं, आता नाही. तरीही घ्या. हिला कुणी जवळून बघत असेल, डबीत का होईना, तर बघू द्या. वाढलं तर कळवा, मेलं तरी कळवा, लपवू नका. आणि..." मी अडखळले.

"आणि?"

"आणि शीर पहिल्याच झटक्यात सापडली पाहिजे म्हणतात. दुसऱ्यांदा टोचलंत तर मोठ्या डॉक्टर असाल तुमच्या घरी, मी खोका उचलून गटारात टाकीन."

सही झाली. मॅडम मूळच्या डॉक्टर, पण कित्येक वर्षांत त्यांनी लहान मुलाला सुई लावलेली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मुलीनं हात पुढं धरला, आईनं तो मनगटापाशी घट्ट पकडला, अक्कानं देवाचं नाव घेतलं आणि मी श्वास रोखला.

नळीत गडद लाल धार आली. पहिल्याच झटक्यात.

"झालं?" मुलीनं विचारलं. "इतलंच?"